रक्त पोहोचत नाही तिथे

जळीत कक्षाच्या दारात उभे असलेले नातेवाईक पहिल्यांदा एकच विचारतात, "किती टक्के?" आकडा कळला की कोणी भिंतीला टेकतो, कोणी गावाकडे फोन लावतो. अंगावरची किती कातडी गेली, हे तो आकडा सांगतो. पहिले दोन दिवस तो खरोखरच महत्त्वाचा असतो, कारण तेव्हा शरीरातले पाणी आणि क्षार झिरपून जात असतात आणि डॉक्टर सलाइनचा हिशेब मांडत असतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मात्र दुसराच प्रश्न मोठा होतो आणि तो विचारायला दारात कोणी नसते. जखमेवर काय वाढले आहे?

माझे आयुष्य या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूला गेले, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या टेबलापाशी. जळीत कक्षातून आलेल्या स्वॅबची प्लेट सकाळी इनक्युबेटरमधून काढली की अनेकदा झाकण उघडण्याआधीच स्यूडोमोनास ओळखू यायचा. द्राक्षांसारखा गोडसर वास आणि निळसर हिरवी झाक. मग त्यावर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ पट्टीने मोजायचे. वर्तुळ मोठे, तर औषध चालते. नोकरीच्या सुरुवातीला पट्टी लागायची. शेवटी शेवटी ती खिशातच राहायची, कारण बहुतेक चकत्यांना चिकटून जंतू उगवलेले असायचे. अहवालावर ओळीने "रेझिस्टंट" लिहून खाली एकट्या कोलिस्टिनपुढे "सेन्सिटिव्ह" लिहायचे. हे औषध मूत्रपिंडाला त्रास देते. डॉक्टर मंडळी ते नाइलाज म्हणून वापरतात.

एवढे सांगितल्यावर वाचकाला वाटेल की पुढे मी एखाद्या चमत्काराची जाहिरात करणार. तसे नाही. या पुस्तकाचा विषय आहे प्रकाशाने चेतवलेली जंतुनाशक चिकित्सा, डॉक्टरांच्या भाषेत फोटोडायनॅमिक थेरपी, आणि तीसुद्धा अँटिबायोटिकच्या जोडीने, भाजलेल्या व जंतुसंसर्ग झालेल्या जखमांसाठी. "जोडीने" हा शब्द या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे.

जोडी का लागते, हे समजण्यासाठी आधी भाजलेली कातडी समजून घ्यावी लागते. खोल भाजले की वरची कातडी मरते आणि तिचा चामड्यासारखा घट्ट थर जखमेवर बसून राहतो. त्यातल्या रक्तवाहिन्या गोठून बंद झालेल्या असतात. जंतूंसाठी हा थर म्हणजे ओलसर, उबदार, प्रथिनांनी भरलेली कोठी, आणि तिथे शरीराचा एकही पहारेकरी फिरकत नाही, कारण पांढऱ्या पेशी रक्तातून येतात. शिरेतून दिलेले अँटिबायोटिकही रक्तातूनच येते. म्हणजे महागातले महाग इंजेक्शन मेलेल्या थराच्या कडेपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. शिवाय मोठ्या जळिताच्या रुग्णात औषध शरीराबाहेर टाकले जाण्याचा वेग बदललेला असतो. नेहमीचा डोस कमी पडतो की जास्त होतो, याचा अंदाज चुकतो. जंतू कोठीत वाढतात, दाटी होते आणि एक दिवस ते खालच्या जिवंत मांसात उतरतात. उतींच्या एका ग्रॅममागे एक लाखाहून अधिक जंतू ही धोक्याची खूण म्हणून कित्येक दशके वापरात आहे.

यावरचा खरा उपाय सुरीचा आहे, हे मी आधीच कबूल करतो. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, आजच्या स्लोव्हेनियातल्या मारिबोर गावी झोरा यांझेकोविच या शल्यचिकित्सक बाईंनी मेलेला थर पहिल्या काही दिवसांतच पातळ पातळ तासून काढायचा आणि लगेच त्यावर रुग्णाचीच कातडी बसवायची, ही पद्धत रूढ केली. 1970 च्या त्यांच्या लेखानंतर जगभरच्या जळीत कक्षांची चाल बदलली. पण या शस्त्रक्रियेत रक्त पुष्कळ जाते. त्यासाठी रक्तपेढी हवी, भूलतज्ज्ञ हवा, रिकामे ऑपरेशन थिएटर हवे, आणि रुग्णाच्या अंगावर पुरेशी चांगली कातडी उरलेली नसेल तर त्वचापेढी हवी. मुंबईत शीव रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली, नंतर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झाली. तरी तालुक्याच्या गावातून निघालेला रुग्ण तिथवर पोहोचेपर्यंत आठवडा उलटून गेलेला असतो. दर वर्षी भारतात दहा लाखांहून अधिक लोक मध्यम ते गंभीर स्वरूपात भाजतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतल्या बहुतेकांच्या अंगावर तो मेलेला थर बरेच दिवस राहतो. ही चिकित्सा समजून घेण्याची गरज आपल्याकडे जास्त आहे ती या रेंगाळलेल्या दिवसांमुळे.

त्या दिवसांसाठी वरून लावायची औषधे आहेतच. कार्ल मोयर यांचे अर्धा टक्का सिल्व्हर नायट्रेट, अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांतून आलेले मॅफेनाइड, आणि चार्ल्स फॉक्स यांनी 1968 मध्ये पुढे आणलेले सिल्व्हर सल्फाडायझिन, जे आपल्याकडच्या प्रत्येक वॉर्डात नुसते "पांढरे मलम" म्हणून ओळखले जाते. मॅफेनाइड मेलेल्या थरात खोल शिरते, पण दुखते आणि मोठ्या भागावर लावले तर रक्तातले आम्ल वाढवते. पांढऱ्या मलमाने लाखो लोकांना आधार दिला. वरवरच्या भाजण्यात ते जखम भरायला उलट उशीर लावते, असे अलीकडचे अभ्यास सुचवतात. महाराष्ट्राने या बाबतीत जगाला काही दिले आहे, हे आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नसते. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरून 1985 मध्ये त्यावर लेख लिहिला, शीवच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग रूढ केले, आणि सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांचा मधाच्या ड्रेसिंगवरचा 1991 चा लेख आजही जगभर उद्धृत होतो. जळिताच्या जखमेवर साध्या वस्तूंनी गंभीर विचार करण्याची आपली परंपरा आहे. रंग आणि दिवा यांच्याकडे मी त्याच परंपरेतून पाहतो.

आता प्रकाशाची गोष्ट. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रजांनी 1877 मध्येच दाखवले होते. पण आपल्या विषयाची सुरुवात म्युनिकमध्ये, एका विद्यार्थ्याच्या गोंधळातून झाली. प्राध्यापक हेर्मान फोन टापायनर यांच्याकडे ऑस्कार राब हा वैद्यकाचा विद्यार्थी पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर अ‍ॅक्रिडिन रंगाचा परिणाम तपासत होता. रंग तोच, प्रमाण तेच. पण एके दिवशी जीव लवकर मरत, दुसऱ्या दिवशी कितीतरी वेळ तगून राहत. प्रयोग बिघडला म्हणून वही मिटणारे पुष्कळ असतात. राबच्या लक्षात आले की जीव तगले त्या दिवशी बाहेर वादळी ढग होते आणि खोलीत उजेड कमी होता. 1900 मध्ये हे छापून आले. मग टापायनर यांनी इओसिन रंग लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाश टाकून पाहिला आणि या क्रियेला ऑक्सिजन लागतो हेही त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसले. रंग, प्रकाश, ऑक्सिजन. तिघांपैकी एक नसला की काही होत नाही. फोटोडायनॅमिक हे नावही तिथलेच.

त्याच काळात कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सेन त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार करत होते आणि त्यासाठी त्यांना 1903 चे नोबेल मिळाले. फिन्सेन यांची एक बारीकशी युक्ती मला फार आवडते. ते क्वार्ट्झची भिंगे कातडीवर दाबून धरायला लावत, म्हणजे तिथले रक्त बाजूला सरे आणि प्रकाश आत जाई. रक्त प्रकाश गिळते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. अँटिबायोटिकची वाट रक्तातून जाते आणि प्रकाशाची वाट रक्ताने अडते. या पुस्तकाची सारी मांडणी या एका वाक्यात आहे.

मग ही विद्या इतकी वर्षे कुठे गेली? तिला पेनिसिलिनने झाकले. योगायोग असा की पेनिसिलिनच्या सार्वजनिक पदार्पणातही एक जळीत दुर्घटना आहे. 28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री बोस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागून 492 माणसे गेली. वाचलेल्यांसाठी मर्क कंपनीने न्यू जर्सीहून पेनिसिलिनचे द्रावण पोलीस बंदोबस्तात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलकडे पाठवले. औषध इतके थोडे होते की त्याचा परिणाम नेमका किती झाला हे सांगणे अवघड होते, पण वर्तमानपत्रांतून त्याचे नाव घरोघर गेले. पुढच्या चार दशकांत जंतू मारण्यासाठी दिवा लावण्याची कल्पना जुनाट वाटू लागली. प्रकाश-चिकित्सा जगली ती कर्करोगाच्या आश्रयाने: बफेलोच्या टॉमस डॉहर्टी यांनी 1970 च्या दशकात तिला उभे केले आणि 1993 मध्ये कॅनडाने फोटोफ्रिन या औषधाला पहिली मान्यता दिली.

जंतूंकडे परत येताना एक भिंत आडवी होती. स्टॅफिलोकॉकससारखे ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू बहुतेक रंगांना बळी पडत. जळितात जे छळतात ते स्यूडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला मात्र ढिम्म. या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो; ऋणभारी किंवा भार नसलेला रंग आत शिरत नाही. 1990 च्या दशकात या भिंतीला दोन ठिकाणी वाट पाडली गेली. इस्राएलच्या बार-इलान विद्यापीठात मालिक आणि नित्सान यांनी पॉलिमिक्सिन या अँटिबायोटिकचा एक निरुपद्रवी तुकडा वापरून आवरण सैल केले आणि मग रंग आत सोडला. इटलीतल्या पादोव्हात ज्युलिओ योरी यांच्या गटाने आणि इंग्लंडमधल्या लीड्सच्या संशोधकांनी रंगालाच धन विद्युतभार दिला. तो आवरणाला चिकटून आपोआप आत जाऊ लागला. दुसरी वाट सोपी, म्हणून तीच राजमार्ग झाली. पण पहिल्या वाटेत अँटिबायोटिकच्या कुळातला रेणू आणि प्रकाश एकत्र आले होते, हे विसरू नये. जोडीची कल्पना नवी नाही. ती मधल्या काळात बाजूला पडली होती.

आज या क्षेत्रात ढोबळ मानाने तीन घराणी दिसतात. पहिले जुन्या रंगांचे. मेथिलीन ब्ल्यू हा त्यातला मानकरी: हाइनरिख कारो यांनी 1876 मध्ये कापडासाठी बनवला, एर्लिख यांनी 1891 मध्ये हिवतापाच्या रुग्णांना दिला, आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला लॅब टेक्निशियन थुंकीची काच रंगवताना क्षयाच्या लाल जंतूंमागची निळी पार्श्वभूमी त्यानेच तयार करतो. तो धनभारी आहे, स्वस्त आहे, लाल प्रकाशात काम करतो. दुसरे घराणे घडवलेल्या रेणूंचे: पोर्फिरिन, थॅलोसायनिन, जर्मनीत रेगेन्सबुर्गला विकसित झालेले फेनालेनोन. तिसरे घराणे रंगच नको म्हणते. जंतूंच्या पोटात स्वतःची पोर्फिरिन असतात, त्यांना 405 ते 415 नॅनोमीटरचा निळाजांभळा प्रकाश दिला की जंतू स्वतःच्याच सामग्रीने मरतात, असा त्यांचा दावा. यात रंगाचा डाग नाही हे खरे, पण प्रकाश भरपूर लागतो आणि निळा प्रकाश कातडीत जेमतेम मिलिमीटरभर जातो. माझा कल पहिल्या घराण्याकडे आहे. या पुस्तकातल्या काही लेखकांचा नाही, आणि त्यांना मी अडवलेले नाही.

हळदीचे नाव इथे निघणारच, म्हणून आधीच बोलतो. हळदीतले कर्क्युमिन निळ्या प्रकाशात खरोखर जंतू मारते आणि ब्राझीलमधल्या साओ कार्लोस येथे त्यावर गंभीर काम झाले आहे. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या हळदीच्या डब्यात कर्क्युमिनसोबत मातीतल्या जंतूंचे बीजाणूही असतात. भाजलेल्या जागी हळद भरून उन्हात बसू नये. एवढे वाक्य वाचून कोणी पुस्तक मिटले तरी चालेल. कोडावर बावची लावून ऊन घेण्याची आपल्याकडची जुनी रीत या विषयाची चुलत बहीण म्हणता येईल, पण तिथली क्रिया वेगळी आहे, तिला ऑक्सिजन लागत नाही. आणि आपल्या लहानपणी गुडघा फुटला की लावायचे ते लाल औषध, मर्क्युरोक्रोम, हे तर टापायनर यांच्या इओसिनचेच नातलग, वर पारा जोडलेले.

रंग काम कसा करतो, ते थोडक्यात. रंगाच्या रेणूने प्रकाश गिळला की तो चेततो आणि क्षणभर एका टिकाऊ चेतलेल्या अवस्थेत राहतो. त्या अवस्थेतून तो शेजारच्या ऑक्सिजनला ऊर्जा देतो, किंवा इलेक्ट्रॉनची देवघेव करून मुक्त मूलके तयार करतो. चेतलेला ऑक्सिजन पाण्यात सेकंदाचे काही दशलक्षांश भागच जगतो आणि तेवढ्यात जिथे जन्मला तिथलेच आवरण, प्रथिने, जनुकद्रव्य जाळतो. तो दूर जात नाही, म्हणून शेजारच्या पेशी बऱ्याचशा वाचतात. तो एकाच ठिकाणी नेम धरत नाही, म्हणून जंतूला एखादे कुलूप बदलून सुटता येत नाही. प्रतिकार अजिबात निर्माण होत नाही, असे मात्र म्हणू नये. अपुरा प्रकाश वारंवार दिला तर जंतू काही अंशी सोसायला शिकतात, हे पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या प्रयोगशाळेने दाखवले आहे.

मग एकटा प्रकाश का पुरत नाही? हिशेब करून पाहू. जखमेच्या एका तुकड्यावर 1 कोटी जंतू आहेत. प्रकाशाने 99.9 टक्के मारले. वर्तमानपत्रात हा विजय ठरतो. टेबलापाशी बसलेल्या माणसाला उरलेले 10,000 दिसतात. ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले तर पाच तासांत पुन्हा 1 कोटी. जखमेत वाढ याहून मंद असते, पण दिशा हीच. दिवा बंद केला की उपचार संपतो. रंग मागे पहारा देत नाही. उंदरांवरच्या जळिताच्या प्रयोगांत संसर्ग पहिल्या तासात कोसळतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत परत डोके काढतो, हे वारंवार दिसले आहे. तिथे अँटिबायोटिक हवे. कोठीतली गर्दी प्रकाशाने विरळ करायची, आणि कडेच्या जिवंत मांसात व रक्तात उतरू पाहणाऱ्यांना औषधाने धरायचे. शिवाय प्रकाशाने फाटलेल्या आवरणातून औषध अधिक सहज आत जाते, आणि अँटिबायोटिक तोडणारी जंतूंची विकरेही त्या जाळात सापडू शकतात. स्पेनमधल्या सारागोसाच्या गटाने मेथिलीन ब्ल्यूसोबत जेंटामायसिन आणि म्युपिरोसिनच्या जोड्या तपासल्या आहेत. ग्दान्स्कच्या संशोधकांनी 2018 मध्ये तोवरच्या जोडप्रयोगांचा आढावा घेतला.

हे इतके नीट जुळते की संशय यावा, आणि माझा संशय ऑक्सिजनवर आहे. रक्त नाही तिथे प्रकाशाला मोकळी वाट मिळते खरी, पण रक्त नाही तिथे ऑक्सिजनही कमी. वरच्या पापुद्र्याला तो हवेतून मिळतो; खाली खाली टंचाई होते, आणि जोरदार प्रकाश दिला तर आहे तोही झपाट्याने संपतो. वर पू, लस आणि प्रथिने, जी रंगाला आपल्याकडे ओढून घेतात. त्यावर पांढऱ्या मलमाचा थर राहिला असेल तर प्रकाश तिथूनच परत फिरतो. बोस्टनमध्ये मायकेल हॅम्ब्लिन यांच्या गटाने 2002 पासून स्वतः उजळणारे जंतू उंदरांच्या जखमांत घालून ते विझताना कॅमेऱ्याने मोजले. त्या चित्रांनी या क्षेत्राला नवा हुरूप दिला. हे काम त्याच मॅसॅच्युसेट्स जनरलमधले, जिथे 1942 मध्ये पेनिसिलिन पोलीस बंदोबस्तात आले होते. पण त्या जखमा ताज्या, छोट्या आणि स्वच्छ आखलेल्या होत्या. आपल्याकडचा रुग्ण आठवड्याने येतो.

माणसांवरचा भक्कम पुरावा सध्या जळिताबाहेरचा आहे. व्हँकूव्हरमध्ये मोठ्या शस्त्रक्रियांपूर्वी 3,000 हून अधिक रुग्णांच्या नाकात मेथिलीन ब्ल्यू आणि लाल प्रकाश, सोबत अंगाला क्लोरहेक्सिडिन, असा प्रयोग झाला आणि शस्त्रक्रियेच्या जागी होणारा संसर्ग 2.7 टक्क्यांवरून 1.6 वर आला. पायाच्या जुन्या जखमांवर आणि हिरड्यांवरही चाचण्या झाल्या. नाकपुडी आणि जळीत यांत फरक आहे तो क्षेत्रफळाचा, आणि उत्साही लेखांत त्याचा हिशेब क्वचित सापडतो. दर चौरस सेंटिमीटरला 100 मिलिवॅटच्या दिव्याला 100 जूल द्यायला सुमारे 17 मिनिटे लागतात. प्रौढ माणसाचे 40 टक्के अंग म्हणजे जवळपास 6,800 चौरस सेंटिमीटर. दिवा एका वेळी 100 चौरस सेंटिमीटर उजळत असेल तर 68 वेळा तो हलवावा लागेल, म्हणजे जवळपास 19 तास. म्हणून एकतर मोठे एलईडी पॅनेल हवे, नाहीतर सगळे अंग सोडून संसर्गाचे नेमके तुकडे निवडायला हवेत. शिवाय एवढ्या क्षेत्रावर लावलेला रंग थोडा तरी अंगात जाणार. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या रुग्णाला मेथिलीन ब्ल्यू अंगात गेलेले धोक्याचे.

या पुस्तकात शल्यचिकित्सक आहेत, सूक्ष्मजीवशास्त्राचे लोक आहेत, दिव्यांचे भौतिकशास्त्र जाणणारे दोघे आहेत आणि जळीत कक्षात हयात घालवलेल्या एक परिचारिका आहेत. डोस आणि वेळापत्रक शोधत येणाऱ्याला ते इथे सापडणार नाही, मुद्दाम ठेवलेले नाही. "प्रकाशाने जंतूंचा खात्मा" अशी बातमी वाचल्यावर कोणते प्रश्न विचारायचे, हे मराठी वाचकाला कळावे एवढी आमची इच्छा. कोणता जंतू? पाण्यात तरंगणारा की चिकट थरात दडलेला? किती जूल? आधी औषध की आधी प्रकाश? डॉक्सिसायक्लिनसारखे अँटिबायोटिक स्वतःच प्रकाशाने बदलते, मग क्रम चुकला तर? दोन दिवसांनी पुन्हा मोजले का? लेखक एकमेकांशी सहमत नाहीत, आणि संपादन करताना मी ते मतभेद घासून गुळगुळीत केलेले नाहीत.

परिचारिकाबाईंचा लेख शेवटी ठेवला आहे. बैठकीत आम्ही तासभर तरंगलांबीवर बोलून झाल्यावर त्यांनी विचारले होते की हा निळा डाग चादरीवरून जाईल का, आणि ड्रेसिंगच्या वेळी, आधीच कळवळणाऱ्या माणसाला आणखी 17 मिनिटे उघडे कोण ठेवणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धे सोपे निघाले: प्रकाश पडत राहिला की मेथिलीन ब्ल्यू हळूहळू फिका पडतो, आणि जखमेवरचा निळेपणा गेला की त्याचे कामही संपत आलेले असते. चादरीवर मात्र दिवा पडत नाही, तिथला डाग राहतो. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी आंघोळीचा पाइप, वेदनाशामक इंजेक्शन आणि दिवा यांचे एक वेळापत्रक स्वतःच मांडून दाखवले आहे.